आधी चढ, मग उतार: कॅम्पबेल ते लॉस गॅटोस, ओढ्याकाठची पहिली सायकलफेरी

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा व्हॅलीत नव्याने राहायला आलेल्या मराठी मंडळींची एक ठरलेली तक्रार असते: इथे गाडीशिवाय पान हलत नाही. दूध आणायला गाडी, पोरांना क्लासला सोडायला गाडी, आणि पायी फिरायला जायचं तर जिथे फिरायचं तिथवर पोचायलाही गाडी. तक्रार बरीचशी खरी आहे. पण याच उपनगरांच्या पोटातून डोंगरातले ओढे खाली येतात आणि त्यांच्या काठाने मैलोन् मैल डांबरी वाटा आहेत, जिथे गाड्यांना सक्त मज्जाव. शाळा-कॉलेजनंतर सायकलला हात न लावलेल्या माणसाने सुरुवात करावी तर अशाच वाटेवर. त्यातली माझ्या मते सगळ्यात सोपी वाट म्हणजे लॉस गॅटोस क्रीक ट्रेल, आणि तिच्यातलाही कॅम्पबेल ते लॉस गॅटोस हा तुकडा. एका बाजूने सुमारे 5 मैल, जाऊन-येऊन 10, म्हणजे 16 किलोमीटर. थांबत, बदकं बघत, खात-पीत गेलात तरी एक सकाळ पुरते.

सुरुवात कॅम्पबेलहून करा, लॉस गॅटोसहून नको. बरेच जण उलटं करतात, कारण लॉस गॅटोस गाव दिसायला देखणं आणि कॉफीची दुकानंही तिथे जास्त. पण ओढा दक्षिणेकडच्या सांता क्रूझ डोंगरातून येतो आणि उत्तरेला सॅन फ्रान्सिस्को उपसागराकडे जातो. लॉस गॅटोस वरच्या अंगाला, कॅम्पबेल खालच्या. दोन्हींत दीड-दोनशे फुटांचा फरक आहे. पाच मैलांत पसरलेला असल्याने तो चढ डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना मात्र कळतो. वरून सुरुवात केली की पहिली पाच मैलं 'अरे, आपल्याला तर छान जमतंय' म्हणत भुर्रकन जातात, आणि परतीला, दमल्यावर, भूक लागल्यावर, चढ सुरू होतो. सोबत आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर पुढचा प्रसंग सांगायला नको. म्हणून आधी चढ, मग उतार.

कधी निघायचं

मार्चच्या मध्यापासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा काळ उत्तम. इथला पाऊस हिवाळी, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. आपल्याकडे श्रावणात डोंगर जसे दिसतात तसे इथले मार्चमध्ये दिसतात. जूनपर्यंत सगळं गवत वाळून पिवळं पडतं. एप्रिलमध्ये वाटेच्या कडेला कॅलिफोर्निया पॉपीची केशरी फुलं असतात. सकाळी ढगाळ किंवा गार असेल तर ती मिटलेली दिसतात, ऊन आलं की उघडतात. उद्यानातली फुलं तोडायची नसतात, मुलांना आधीच सांगून ठेवा.

सकाळी साडेआठ-नऊला निघून दुपारी बारा-साडेबारापर्यंत परत यावं. दुपारनंतर उपसागराकडून वारा सुटतो आणि परतताना तो थेट तोंडावर येतो. उतार असूनही मग पेडल मारावं लागतं. सकाळचा गारवा 8-10 अंश सेल्सियसचा असतो, दुपारी 20 च्या आसपास. तेव्हा एकच जाड जॅकेट घालू नका. टी-शर्ट आणि त्यावर पातळ विंडचीटर पुरे. तो काढून बॅगेत कोंबता येतो.

जोराचा पाऊस होऊन गेला असेल तर एक-दोन दिवस थांबा. ही वाट मोठे रस्ते ओलांडत नाही, बहुतेक ठिकाणी पुलांखालून जाते. तीच तिची खरी गंमत, आणि तीच पावसानंतरची अडचण. पुलाखालच्या खोलगट भागात पाणी साचतं, ओसरल्यावर बारीक गाळ उरतो. त्या गाळावर चाक असं सटकतं की सावरायला वेळ मिळत नाही. काही वेळा फाटक लावून रस्ता बंदही करतात. बंद म्हणजे बंद. सायकल उचलून पलीकडे जाण्याचा आपला उत्साह इथे आवरावा.

परागकणांचा त्रास असणाऱ्यांना ओक आणि गवताचा मोसम याच दिवसांत भोवतो. ॲलर्जीची गोळी घेत असाल तर ती निघण्याआधी घ्या. डोळ्यांवर गॉगल हवाच. तो उन्हासाठी आहेच, शिवाय पुलाखालून बाहेर पडताना तोंडावर येणाऱ्या चिलटांच्या थव्यासाठीही आहे.

सायकल हातात आल्यावर

पहिल्या फेरीसाठी नवी सायकल विकत घेऊ नका. भाड्याने घ्या किंवा ओळखीत कुणाच्या गॅरेजमध्ये टांगलेली असतेच, ती मागा. सरळ हँडलची, मध्यम जाडीच्या टायरची हायब्रिड मिळाली तर उत्तम. वाकड्या हँडलची रेसची सायकल इथे काही कामाची नाही.

चालवण्याआधी ब्रेक समजून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. अमेरिकेत उलट: डावा पुढचा, उजवा मागचा. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण हाताची जुनी सवय घाईच्या क्षणीच वर येते. उतारावर समोर कुत्रं आलं, मागचा म्हणून पुढचा ब्रेक कचकन दाबला, की माणूस हँडलवरून पुढे. सायकल हाताने ढकलत नेऊन एकेक ब्रेक दाबून बघा, कोणतं चाक थांबतं ते पाहा. मग मोकळ्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं चकरा मारत दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू दाबायचा सराव करा.

दुसरी गोष्ट हवा. टायरच्या कडेवर, रबरातच उठवलेल्या बारीक अक्षरांत हवेचा दाब छापलेला असतो. बोट फिरवत शोधावा लागतो. हायब्रिडला साधारण 50 ते 70 पीएसआयच्या आसपासचा आकडा दिसेल. गावाकडे दुकानात नळी लावून भय्या हवा मारून द्यायचा, इथे स्वतः भरायची. आणि व्हॉल्व्ह दोन प्रकारचे. जाड, गाडीच्या टायरसारखा तो श्रेडर. त्याला गाडीचा पंप चालतो. बारीक, टोकाला छोटा पितळी स्क्रू असलेला तो प्रेस्टा. त्याचा स्क्रू आधी सैल करायचा, बोटाने एकदा दाबून 'फुस्स' ऐकायचं आणि मग पंप लावायचा. स्क्रू सैल न करता कितीही जोर लावा, आत काही जात नाही. आपल्याकडच्या जुन्या सायकलींचा रबरी नळीचा व्हॉल्व्ह इथे दिसत नाही.

सीटची उंची: पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवा, पाय सरळ व्हायला हवा. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतील एवढी खाली सीट ठेवायची आपली सवय असते. त्याने सुरक्षित वाटतं, पण चौथ्या मैलाला गुडघे बोलायला लागतात.

हेल्मेट: कॅलिफोर्नियात 18 वर्षांखालच्यांना कायद्याने सक्तीचं, मोठ्यांना नाही. तरी घाला. भुवयांच्या वर दोन बोटं, आडवं सपाट. मागे सरकवून टोपीसारखं घातलेलं हेल्मेट फक्त फोटोपुरतं. आणि दोन्ही कानांत इअरफोन घालून सायकल चालवणं इथे बेकायदा आहे, एका कानात चालतो. ओढ्याकाठी तोही कशाला, हा माझा प्रश्न.

बॅगेत पाणी, थोडं खाणं, टिश्यू, मजबूत यू-लॉक, फोन. खाण्याचं म्हणाल तर एनर्जी बारवर चार डॉलर घालवण्यापेक्षा शेंगदाण्याची चिक्की किंवा गूळपापडी कधीही सरस. विरघळत नाही, सांडत नाही.

वाटेवरची रीत

उजवीकडून चालायचं. डावीकडची सवय एका दिवसात जात नाही, विशेषतः वळणावर आणि थांबून पुन्हा निघताना. त्या दोन वेळी स्वतःला मुद्दाम आठवण करून द्या. पुढच्याला ओलांडायचं तर त्याच्या डावीकडून, आणि ओलांडण्याआधी घंटी वाजवून किंवा मोठ्याने 'ऑन युअर लेफ्ट' म्हणून. आपल्या लोकांना हे ओरडणं उर्मटपणाचं वाटतं, म्हणून मुकाट्याने बाजूने जातात. इथे न सांगता जाणं हाच उर्मटपणा. मात्र अगदी पाठीशी जाऊन ओरडू नका, माणूस दचकतो आणि नेमका डावीकडे उडी मारतो. दहा-पंधरा पावलं आधी सांगा. आजी-आजोबा असतील तर वेग कमी करून, ऐकलंय याची खात्री करून मगच पुढे जा.

ट्रेलवर ताशी 15 मैलांची मर्यादा आहे, ठिकठिकाणी पाट्या आहेत. गर्दीच्या भागात तेवढा वेगही जास्तच. ही वाट सायकलवाल्यांची नाही, सगळ्यांची आहे: बाबागाड्या, पळणारे, कुत्रे फिरवणारे. कुत्र्याचा पट्टा वाटेवर आडवा ताणलेला असतो आणि तो बारीक असल्याने लांबून दिसत नाही. कुत्रं एका बाजूला आणि मालक दुसऱ्या बाजूला दिसला की मधे पट्टा आहे असंच धरून चाला.

आता प्रत्यक्ष वाट

कॅम्पबेलला गाडीने याल तर गावात सार्वजनिक पार्किंग आहे. रविवारी मात्र कॅम्पबेल ॲव्हेन्यूवर शेतकरी बाजार भरतो, मुख्य रस्ता बंद असतो. ती अडचण न मानता परतीचा कार्यक्रम समजा. गाडीच नसेल तर व्हीटीए या इथल्या सार्वजनिक वाहतूक सेवेची ग्रीन लाइन लाइट रेल कॅम्पबेलला येते, डब्यात सायकल नेता येते.

स्टेशनवरून कॅम्पबेल ॲव्हेन्यूने पूर्वेकडे थोडं गेलं की ओढ्यालगत कॅम्पबेल पार्क लागतं. पलीकडे प्रूनयार्ड नावाचं शॉपिंग सेंटर. सिलिकॉन यायच्या आधी हा सगळा परिसर फळबागांचा होता, जर्दाळू आणि आलुबुखार. कॅम्पबेलला 'ऑर्चर्ड सिटी' म्हणायचे. बागा गेल्या, नावं राहिली. पुढे तुम्हाला ब्लॉसम हिल नावाचा रस्ता लागेल, त्यामागेही त्याच बागांचा बहर.

पार्कमधून ट्रेलवर उतरून दक्षिणेकडे, म्हणजे ओढ्याच्या उलट दिशेने निघायचं. दिशा कळेना तर सरळ पाण्याकडे बघा: पाणी तुमच्याकडे येत असलं पाहिजे. इथे काही अंतर दोन्ही काठांना वाट आहे, कुठल्याही काठाने गेलात तरी चालतं.

खरं सांगायचं तर पहिला टप्पा आवाजाच्या दृष्टीने वाईट आहे. हायवे 17 अगदी शेजारून जातो. झाडी आहे, पाणी आहे, पण कानात ट्रक. इथेच मन खट्टू करून परत फिरू नका. सॅन टोमास एक्स्प्रेस वेचा पूल, जो पुढे कॅमडेन ॲव्हेन्यू होतो, त्याच्याखालून गेल्यावर चित्र बदलतं आणि लॉस गॅटोस क्रीक काउंटी पार्कमधली तळी दिसू लागतात.

या तळ्यांपाशी थांबा. शोभेची वाटतात, पण हे चक्क पाझर तलाव आहेत. विसाव्या शतकात इथल्या शेतीने आणि शहरांनी विहिरींतून इतकं पाणी उपसलं की जमीनच खचली. सॅन होजेचा मध्यभाग 1915 ते 1970 या काळात सुमारे 13 फूट खाली गेला. मग धरणांचं आणि बाहेरून आणलेलं पाणी ओढ्यांत आणि अशा तळ्यांत सोडून जमिनीत मुरवायला सुरुवात झाली आणि खचणं थांबलं. वरच्या लेक्झिंग्टन धरणातून सुटलेलं पाणी याच ओढ्याने येतं. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही पाटी वाचत मोठे झालेल्यांना इथे काही समजावून सांगावं लागत नाही. तळ्यांवर बगळे, पाणकावळे, वारकरी पक्षी आणि हिरव्या डोक्याची मॅलार्ड बदकं असतात.

आणि असतात कॅनडा गूज. एप्रिल-मे महिन्यांत त्यांची पिवळट पिल्लं आईबापांच्या मधोमध रांगेने वाट ओलांडतात. पिल्लं गोड, बाप खवीस. तो मान जमिनीलगत ताणून, चोच उघडून फुत्कारत येतो. सायकलवरून उतरा, सायकल त्याच्या आणि आपल्या मधे धरा, रांग जाऊ द्या. घंटी वाजवून उपयोग नाही. खायला घालू नका, बंदी आहे. त्यांच्या विष्ठेने वाट जिथे हिरवी-काळी झालेली दिसेल तिथे ओल्यात वळण घेऊ नका.

पुढे हायवे 85 आणि लार्क ॲव्हेन्यूच्या खालून वाट जाते. नेटफ्लिक्सचं मुख्यालय याच भागात आहे. मग वसोना तलावाचा छोटा बांध येतो आणि तिथे पहिल्या फेरीतला एकमेव जाणवणारा चढ: आखूड, पण उभा. गिअर चढावर बदलायचा नसतो, चढ दिसला की आधी. पेडलवर जोर असताना गिअर बदलला की साखळी कुरकुरते आणि कधी उतरते. नाही जमलं तर उतरून ढकला, इथे कोणी वळून बघत नाही.

वसोना लेक काउंटी पार्क हा या वाटेचा सगळ्यात सुंदर भाग. तलाव, हिरवळ, मोठी झाडं, स्वच्छतागृहं, प्यायच्या पाण्याचे नळ. गाडी आत न्यायची तर शुल्क, सायकलला नाही. लागूनच ओक मेडो पार्क आहे. तिथे बिली जोन्स वाइल्डकॅट रेलरोड ही 18 इंच रुळांची छोटी आगगाडी 1970 पासून धावते. बिली जोन्स हे रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. भंगारात निघालेलं छोटं वाफेचं इंजिन त्यांनी विकत घेतलं, त्याचीच ही पुढची गोष्ट. गाडी कोणत्या दिवशी आणि किती वाजता, हे निघण्याआधी तपासा, कारण मुलांना कबूल करून गाडी बंद निघाली तर उरलेली फेरी तुमची नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर भारतातून आई-बाबा आलेले असतील तर त्यांना सायकलवर बसवण्याचा आग्रह धरू नका. बाबा सांगतील, 'अरे, आम्ही पंचवीस मैल ॲटलास मारायचो.' मारली असेल. पण अनोळखी ब्रेक, उलटी बाजू आणि प्रवासी विमा हे त्रिकूट काही बरं नाही. त्यांना कुणीतरी गाडीने वसोनाला आणून सोडावं. ते तळ्याला चक्कर मारतील, तुम्ही सायकलने तिथे पोचा, डबा एकत्र खा.

झाडीत शिरण्याबाबत एकच इशारा, पण पक्का. कडेच्या झुडपांत पॉयझन ओक असतं. तीन-तीन पानांचा झुबका, वसंतात तुकतुकीत आणि लालसर. आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं आहे, आणि बिब्बा उततो तसंच अंगावर उततं. नुसतं पान घासलं तरी पुरतं. खाज कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होते. फोटोसाठी सायकल झुडपाला टेकवू नका, हँडलला लागलेलं तेल नंतर हाताला लागतं. स्पर्श झाल्यासारखं वाटलं तर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर गार पाणी आणि साबण.

ब्लॉसम हिल रोडनंतर लॉस गॅटोस गावाच्या मागून वाट मेन स्ट्रीटपाशी येते. जवळच एकोणिसाव्या शतकातल्या फोर्ब्स पिठाच्या गिरणीची उरलेली दगडी इमारत आहे. इथे थांबायचं. कॉफी, बाक, स्वच्छतागृह. सायकलला कुलूप लावताना यू-लॉक फ्रेम आणि चाक दोन्हींतून घ्या, नुसत्या चाकाला लावलेलं कुलूप चाकाचीच राखण करतं.

वाट पुढेही जाते, मातीची होते आणि हायवेच्या कडेने लेक्झिंग्टन धरणाच्या भिंतीला भिडते. 1952 मध्ये हे धरण झालं तेव्हा लेक्झिंग्टन आणि अल्मा या दोन जुन्या वस्त्यांची जागा पाण्याखाली गेली. वरून दिसणारं दृश्य सुरेख आहे यात वाद नाही. पण शेवटचा चढ दमछाक करणारा, आणि उतरताना सुट्या खडीवर ब्रेक सांभाळणं नवख्याचं काम नाही. पहिल्या वेळी मेन स्ट्रीटवरूनच परत फिरा.

परतीला उतार आहे, पण तो मोकाट सुटण्यासाठी नाही. दहानंतर वाटेवर माणसं वाढलेली असतात आणि पुलांखाली उन्हातून एकदम काळोखात शिरल्यावर डोळ्यांना दोन-तीन सेकंद काही दिसत नाही. प्रत्येक पुलाआधी वेग कमी, घंटी, उजवी कड. वसोनाच्या बांधावरून उतरताना दोन्ही ब्रेक हलके धरूनच या.

कॅम्पबेलला रविवारी पोचलात तर बाजार दुपारी एकच्या सुमाराला आवरतो. एप्रिलमध्ये स्ट्रॉबेरी असते, मेमध्ये चेरी. सायकल गर्दीतून चालवत नेऊ नका, बाहेर कुलूप लावून आत जा.

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर काळजी नाही. गुडघा दुखला तर सीट खाली होती, ती थोडी वर घ्या. तळहात बधिर झाले तर हँडलवर सगळा भार टाकून बसला होतात. हे दुरुस्त करून हीच वाट पुन्हा एकदा करा, आणि मग माउंटन व्ह्यूच्या स्टीव्हन्स क्रीक ट्रेलवर जा. ती थेट शोरलाइनला उपसागराच्या काठी नेते, जवळजवळ सपाट आहे, आणि वाटेत मॉफेट फील्ड या विमानतळाचं 1930 च्या दशकातलं अवाढव्य विमानघर दिसतं. तिथला वारा मात्र इथल्यापेक्षा दुप्पट छळतो, तेव्हा त्या दिवशी आणखी एक तास लवकर निघा.